हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा घरी कसा शिवायचा

या पट्ट्यातलं इलेक्ट्रॉनिक्स सोपं आहे, खरी कसोटी शिवणाची. कापड कातडीवर न सरकता बसलं तरच सिग्नल येतो. पेसमेकर असलेल्यांनी हा पट्टा वापरू नये. तो निदानासाठीही नाही. छातीत दुखत असेल तर आलेख बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

एडी८२३२ मॉड्यूल (हृदयाचा क्षीण विद्युत सिग्नल मोठा करणारं, तीन वायरींच्या केबलसकट) आणि ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा संगणक) पुण्यातल्या तापकीर गल्लीत बघा. चार सेंमी रुंद इलॅस्टिक, पातळ स्पंज आणि टिचबटणं बोहरी आळीत. बटणं घ्यायला जाताना केबल बरोबर न्या आणि तिच्या टोकात बटण बसवून बघा: 'टिच' आवाज करून बसलं आणि हलवल्यावर डगमगलं नाही, तर तेच घ्या. रंग दिलेलं बटण नको, रंगातून वीज जात नाही. चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉनचं ताणलं जाणारं कापड ऑनलाइन मागवा. १५ × १० सेंमी पुरतं.

छातीचा घेर ९० सेंमी असेल तर इलॅस्टिक ८० सेंमी कापा. चांदीच्या कापडाचे ४ × ३ सेंमीचे तीन तुकडे करून प्रत्येकामागे स्पंज घाला आणि मशीनवर झिगझॅग टाक्याने शिवा. सरळ टाका घातला तर पट्टा ताणताच दोरा तुटतो. तुकड्यांमध्ये किमान पाच सेंमी अंतर ठेवा, नाहीतर घामाने भिजलेलं इलॅस्टिक त्यांना आपसात जोडतं आणि लहर चपटी होते. बटण चांदीच्या कापडातून आरपार ठोका. मग मल्टिमीटर लावा: बटण ते त्याच तुकड्याचा कोपरा पाच ओहमच्या आत हवा, दोन तुकड्यांमध्ये बीप वाजता कामा नये.

मॉड्यूलला बोर्डवरचे ३.३ व्होल्टच द्या, ५ व्होल्टने चिप जाते. आउटपुट ३४ नंबरच्या पिनला जोडा. वायफाय चालू असताना एडीसी२ च्या (सिग्नल मोजणाऱ्या दुसऱ्या गटातल्या) पिना काम देत नाहीत, ३४ त्या गटात नाही. केबलच्या तीन वायरींपैकी आरए उजवीकडे, एलए डावीकडे, आरएल बाजूला बरगडीवर. केबलचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका, मीटरने तपासा. शिखरं उलटी दिसली तर आरए-एलएची अदलाबदल करा. बोर्ड बॅटरीवरच चालवा. लॅपटॉपला जोडलात तर त्याचा चार्जर काढलेला असू द्या: एक तर सुरक्षितता, दुसरं म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण आलेखात उतरत नाही.

बोर्डच्या प्रोग्राममध्ये दर ४ मिलिसेकंदांनी सिग्नलची एक नोंद घ्या. एक शिखर सापडलं की पुढचे ३०० मिलिसेकंद काही मोजू नका. नाहीतर टी लहरही (शिखरामागून येणारा छोटा उंचवटा) ठोका म्हणून धरली जाते आणि आकडा दुप्पट येतो. दोन शिखरांत ८०० मिलिसेकंद म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद मोजा, दुप्पट करा आणि ताडून पाहा.

पुण्याच्या कोरड्या थंडीत कातडी सुकलेली असते, म्हणून पट्टा घालण्याआधी तुकडे पाण्याने ओलसर करा. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण. ब्लीच लागलं की चांदी काळी पडते. पिळू नका, सावलीत वाळवा. प्रत्येक धुण्यानंतर मीटर लावा आणि आकडा वाढतच गेला तर तुकडा उसवून नवा शिवा.