कॉमिकचं कॅरेक्टर डिझाईन करताय? मग ते सत्तर वेळा काढता आलं पाहिजे

आधी एक हिशोब करू. २४ पानांचं कॉमिक धरा, पानावर ५-६ चौकटी, म्हणजे झाल्या १२० ते १४४ चौकटी. त्यातल्या निम्म्यात जरी तुमचा हिरो दिसला तरी त्याला ६०-७० वेळा काढायचंय, समोरून, पाठमोरा, वरून, पळताना, जेवताना, आणि दर वेळी वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हा तोच आहे. नवीन शिकणारे बहुतेक जण उलटं करतात, एकच पोज पकडतात, त्यावर आठवडाभर शेडिंग, चिलखतावर नक्षी, केसांची एकेक बट, लाईक्सही भरपूर येतात, आणि मग पहिल्या पानाच्या तिसऱ्या चौकटीत त्याला मागे वळवायचं म्हटलं की गाडी अडते. त्यामुळे पुढचं सगळं त्या ७० चित्रांचा विचार करून लिहिलंय.

पेन्सिल उचलायच्या आधी दोन-तीन ओळी लिहून काढा. हा माणूस दिवसभर करतो काय, त्याला हवंय काय, आणि तो कशाला घाबरतो, बास. उदाहरणाला आपण एक एसटीतली कंडक्टर ताई घेऊ, जिला पॉवर अशी आहे की ज्याला ती तिकीट देते त्याच्या मनातलं तिला ऐकू येतं. आता हे लिहिल्या लिहिल्या अर्धं डिझाईन आपोआप मिळतं बघा. दिवसभर हलत्या गाडीत उभी राहणारी बाई पाय जवळ घेऊन सरळ उभी राहणारच नाही, पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, पाठ सीटला टेकवलेली, खांद्याला चामडी बॅग आणि बॅगेच्या वजनाने तो एक खांदा थोडा खाली. ही उभं राहायची ढब हेच तुमचं कॅरेक्टर, चेहरा नंतर. पॉवरचंही तसंच, डोक्याभोवती वीज चमकवली की ती कुणाचीही पॉवर होते, त्यापेक्षा मनातलं ऐकताना ती तिकीट पुढे केलेला हात तसाच धरून ठेवते आणि एक डोळा मिटते असं ठरवलं तर ते फक्त हिचंच.

आता छोटी छोटी चित्रं काढा, अंगठ्याएवढी, एका ए४ कागदावर वीसेक तरी. यात नाक-डोळे काढायचेच नाहीत, फक्त बाहेरचा आकार, आणि तो काळा भरून टाकायचा. मग कागद लांब धरून डोळे बारीक करून बघा की नुसत्या काळ्या डागावरून ओळखू येतंय का. चाचा चौधरी घ्या, पगडी, मिशा आणि काठी एवढ्यावर काम झालं, आणि शेजारी गुरू ग्रहावरून आलेला डोंगराएवढा साबू उभा केला की म्हातारा अजूनच म्हातारा वाटतो. टिनटिन या बेल्जियन कॉमिकच्या हिरोचं तर तोंड म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ, पण कपाळावरचा तो तुरा दिसला की विषय संपला. आपल्या ताईचं काय? बॅग एका बाजूला बाहेर आलेली आणि दुसऱ्या बाजूला वरचा दांडा पकडलेला हात. मला वाटतं एवढं पुरे, अजून टोपी-बिपी द्यायचा मोह आवरा.

काळे डाग बघताना मूळ आकाराचाही विचार करा. चौकोनी माणूस भक्कम, हट्टी वाटतो, गोल माणूस मायाळू, टोकदार त्रिकोणी माणूस धोकादायक. हा नियम वगैरे नाहीये, मुद्दाम मोडला तर मजाच येते, गोलमटोल व्हिलन माझा आवडता प्रकार आहे.

मग मापं. उंची डोक्यांत मोजतात, म्हणजे त्याचं स्वतःचं डोकं एकावर एक ठेवत गेलं तर पायापर्यंत किती बसतात. खरा मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, सुपरहिरो ८ किंवा थोडा जास्तच, लहान पोरं ५-६ आणि ते मोठ्या डोक्याचे गोंडस जपानी प्रकार २-३. ताईला मी साडेसहा देईन, कारण डोकं जरा मोठं असलं की छोट्या चौकटीतही चेहऱ्यावरचे भाव दिसतात. आकडा एकदा ठरला की कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर पाचव्या पानापर्यंत ताई ८ डोक्यांची होऊन बसते.

अॅनाटॉमीला घाबरून लोक इथे सोडून देतात. सगळे स्नायू पाठ करायची गरज नाही हो. आधी डोक्यापासून पायापर्यंत जाणारी एकच वाकडी रेघ, अंगाचा सगळा झोक त्यात आला पाहिजे, मग छातीचा अंडाकृती पिंजरा, कमरेचा ठोकळा, आणि हे दोन एकमेकांच्या विरुद्ध बाजूला कललेले, मग हातापायांच्या नळ्या. सरावाला एसटी स्टँडसारखी जागा नाही, लोक गाडीची वाट बघत बसलेले असतात, फार हलत नाहीत. एकेकाला ३० सेकंद ते १ मिनिट द्यायचा आणि पुढे जायचं, खोडरबर घरीच ठेवा. हाताचे पंजे मात्र रोज स्वतंत्रपणे काढा, कारण पंजा चुकला की बाकी कितीही भारी असलं तरी नजर तिथेच जाते.

चेहऱ्यात एक गोष्ट हमखास चुकते, डोळे फार वर काढले जातात. डोळ्यांची रेघ टाळू आणि हनुवटीच्या बरोब्बर मध्ये येते, मोजून बघा. आणि तुमच्या कॉमिकमधल्या सगळ्यांना टक्कल करून बघायचं, मग कोण कोण हे ओळखू येत नसेल तर तुम्ही एकच चेहरा वेगवेगळ्या विगांत काढताय. नाक, जबडा, भुवया आणि दोन डोळ्यांतलं अंतर बदला.

कपड्यांना ७० चा हिशोब परत लावायचा. चौकड्यांचा शर्ट दिसायला मस्त, पण प्रत्येक चौकटीत प्रत्येक चुणीवरून त्या चौकड्या वळवत बसायचं असतं. ताईचा खाकी युनिफॉर्म प्लेन आहे हे आपलं नशीब, त्यावर बॅगेचा जाड पट्टा आणि एक ठसठशीत नथ किंवा चष्मा, दोन्ही नको. रंग तीनच ठरवा आणि चित्र एकदा ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, खाकी आणि कातडीचा रंग एकसारखा करडा दिसत असेल तर एक गडद करावा लागेल. छपाईचाही विचार असू द्या. १९६२ च्या पहिल्या अंकात मार्व्हल कॉमिक्सचा हल्क करड्या रंगाचा होता, पण छापताना तो करडा रंग कुठे फिका कुठे काळपट यायला लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम, मॉडेल शीट. कागदावर टाळू, डोळे, हनुवटी, खांदे, कंबर, गुडघे आणि टाच अशा आडव्या रेघा आरपार मारा आणि त्यांवर तीच ताई समोरून, पाऊण वळलेली (म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधली), बाजूने आणि पाठमोरी काढा. बॅग कुठल्या खांद्याला हे इथेच पक्कं होतं. दुसऱ्या कागदावर सहा-आठ भाव, राग, झोप, खोटं हसू, सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या माणसाकडे बघायची नजर. भुवया आणि तोंड यांच्यावरच भर द्या.

सामान महाग लागत नाही. निळ्या पेन्सिलीने कच्चं, वरून काळ्या शाईच्या पेनाने पक्कं, बाहेरची रेघ जाड आणि आतली बारीक, मग ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून कॉम्प्युटरवर निळं उडवायचं. डिजिटल करणार असाल तर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोबाईलवर इबिस पेंट हे अॅप चालतं.

शेवटी एक पान करून बघा, सहा चौकटी, मारामारी नाही. ताई गाडीत चढते, तिकीट देते, थांबते, ऐकते, काहीतरी बोलते, बेल मारते. एका चौकटीत ती लांबून नखाएवढी दिसू दे आणि एकीत नुसते डोळे. संवाद झाकून हे पान कुणाला तरी दाखवा आणि विचारा ही बाई कशी आहे. उत्तर आलं नाही तर मॉडेल शीटमध्ये बदल करा, पान दोनला हात लावू नका.