शेती-गोठा सांभाळून मोक्षमार्गाला लागायचं कसं

पर्युषणात, म्हणजे आम्हा जैनांच्या भाद्रपदातल्या व्रत-उपासाच्या पर्वात, आमच्या गावच्या मंदिरात शास्त्र आटोपलं की ओट्यावर एक प्रश्न हमखास निघतो. घर सोडून मुनी व्हायची दीक्षा काही आपल्याच्यानं होत नाही, वावर आहे, गोठा आहे, मग आपण मोक्षमार्गाला लागायचंच नाही का? लागायचं, आणि आजच लागायचं. मी वडिलांकडून अन् चातुर्मासाला आलेल्या महाराजांकडून जसं शिकलो तसं लिहितो, आमची परंपरा दिगंबर आहे, श्वेतांबर घरी काही पद्धती वेगळ्या राहतात.

आधी एक गोष्ट साफ समजून घ्या. हा पंचमकाळ आहे, म्हणजे शास्त्रातल्या कालचक्राचा पाचवा, पडता काळ, आपल्या या भरतक्षेत्रातून, म्हणजे आपण राहतो त्या भूमीतून, आता थेट मोक्ष नाही, शेवटी गेले ते महावीरांच्या परंपरेतले जंबूस्वामी. हे ऐकलं की काही लोक ढिले पडतात, मग कशाला करा म्हणतात. पण सम्यग्दर्शन, म्हणजे खरी श्रद्धा, आजही होते, श्रावकाची, म्हणजे घरात राहणाऱ्या जैनाची, व्रतं आजही पाळता येतात. आत्मा चढत जातो त्या १४ पायऱ्यांतलं, म्हणजे गुणस्थानांतलं, चौथं अन् पाचवं घरात राहून गाठता येते, एवढं काम काय कमी आहे?

तत्त्वार्थसूत्र हा आपला मूळ ग्रंथ, त्याचं पहिलंच सूत्र सांगते की सम्यग्दर्शन, ज्ञान अन् चारित्र हे तिन्ही मिळून मोक्षमार्ग आहे. दर्शन पहिलं, त्याच्याशिवाय बाकीचं सम्यक होतच नाही. आता दर्शन म्हणजे नुसते मंदिरात जाऊन हात जोडणं नाही, ७ तत्त्वांवर मनापासून श्रद्धा बसा लागते. मले ती ७ तत्त्वं तूर काढताना समजली. थ्रेशरपाशी अंग घामानं ओलं असलं की भुसा चिटकून बसते, कोरडं असलं की झटकला का पडते. मी जीव, भुसा म्हणजे कर्म, तो अजीव. भुसा उडून येते तो आस्रव, घामावर चिटकते तो बंध, वाऱ्याची दिशा पाहून बाजूला सरकलो तो संवर, घासून काढला ती निर्जरा, सगळा गेला तो मोक्ष. अन् घाम म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ. आपल्याकडं लोक उपास लई करतात म्हणजे निर्जरेच्या मागं लागतात, पण थ्रेशरच्या तोंडातून हटत नाहीत, तिथंच उभं राहून अंग घासत बसतात. म्हणून आधी संवर.

संवर करायचा म्हणजे व्रत घ्यायचं. अणुव्रतं, म्हणजे घरच्या माणसाची लहान व्रतं, ५ आहेत, अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य, परिग्रहपरिमाण म्हणजे मालमत्तेला मर्यादा. नावं सगळ्यांना पाठ आहेत पण प्रत्येक व्रताचे ५-५ अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, कोणी वाचत नाही, अन् शेतकऱ्याच्या कामाचं सगळं तिथंच आहे. अहिंसेचे पाहा. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बैलाला आखूड दाव्यानं जखडून बांधणं, तुतारीची आर टोचणं, अंग कापणं-छेदणं, बंडीत जास्त भरणं, चारापाणी वेळेवर न देणं. एका वर्षी पाऊस येतो का काय म्हणून मी दोन फेऱ्यांचा कापूस एकाच फेरीत भरला, चढावर डावा बैल गुडघ्यावर आला, मानेवरची कातडी सोलून निघाली. त्या दिवशी चतुर्दशी होती अन् माझा उपास होता. तो उपास कुठं गेला असन ते मला अजून कळत नाही. तेव्हापासून मी रोज रात्री गोठ्यात जाऊन दावं किती लांब आहे ते हातानं पाहतो, मगच झोपतो.

अचौर्याचं तसंच. मापात कमीजास्त करणं अन् भेसळ हे दोन्ही त्याचे अतिचार आहेत. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणं यात आलं, वेचणीवाल्या बायांचा कापूस मोजताना काटा मारणं तर आलंच आलं.

फवारणीचं सगळे विचारतात. शास्त्रात हिंसा ४ प्रकारची सांगितली, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायच्या हेतूनं मारणं ती संकल्पी, ती श्रावकानं पूर्ण सोडायची. शेतीतली उद्योगी, ती सुटत नाही पण कमी करायची असते. मी निंबोळी अर्कावर भागते तिथवर भागवतो, ज्या वर्षी भागत नाही त्या वर्षी संध्याकाळी प्रतिक्रमणात, म्हणजे दिवसाच्या चुका कबूल करताना, तसं स्पष्ट म्हणतो. शेती आहे म्हणून पाप लागत नाही असं मनाला सांगू नका.

परिग्रहासाठी वही घ्या, एकर, घर, सोनं, जनावरं किती ठेवायची तो आकडा लिहा, खाली सही करा. आकडा लिहिताना हात अडखळतो, तिथं लोभ दिसते.

पाणी दुहेरी जाड कापडानं गाळा अन् जिवाणी, म्हणजे कापडावर अडकलेले बारीक जीव, परत सोडा, त्यासाठी कापड उलटं करून गाळलेल्या पाण्यानं धुवायचं अन् ते पाणी त्याच विहिरीत, बालटी पाण्याला टेकवून, वरून न फेकता सोडायचं. बोअरमधी हे जमत नाही, म्हणून व्रती लोक विहिरीचंच पाणी घेतात. रात्रीचं जेवण बंद. ओलितासाठी वीज रात्रीची असली तर दिवस असतानाच अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, करून वावरात जा.

सामायिक, म्हणजे समभावानं शांत बसणं, रोज एकदा तरी, ४८ मिनिटं. मोबाइलवर टायमर लावून दुसऱ्या खोलीत ठेवा. पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून उभं राहा, ९ वेळा णमोकार मंत्र, मग चारही दिशांना जोडलेले हात तीनदा फिरवून एकदा मान लववा, मग बसा. णमोकाराला ३ श्वास, अरिहंताणं म्हणत श्वास आत, सिद्धाणं म्हणत बाहेर, असं ९ वेळाचे २७ श्वास. पहिले काही दिवस डोक्यात कापसाचा भावच फिरते. फिरू द्या, उठू नका.

वाचायला तत्त्वार्थसूत्रच घ्या, १० अध्याय, ३५७ सूत्रं, दशलक्षणात, म्हणजे पर्युषणाच्या १० दिवसांत, रोज एक अध्याय होतोच, त्या वेळी अर्थ विचारून घ्या. जमलं तर वर्षातून एकदा परतवाड्याकडून मुक्तागिरी तीर्थाला जा, ५२ मंदिरं आहेत अन् साडेतीन कोटी मुनी तिथून मोक्षाला गेले असं आपण मानतो. पायऱ्या चढताना गप्पा करू नका.

व्रत घेताना एकदम जन्मभराचं घेऊ नका. जन्मभराचा तो यम, मुदतीचा तो नियम. आषाढातल्या चातुर्मासापासून कार्तिकापर्यंत एकच नियम घ्या, महाराज जवळपास असतील तर श्रीफळ ठेवून त्यांच्यासमोर, नसतील तर मंदिरात देवासमोर मोठ्यानं म्हणा, "कार्तिक पौर्णिमेपर्यंत मी बंडीत ठरल्यापेक्षा जास्त भरणार नाही."