चूक समोरच्याची, तरी भुर्दंड तुम्हाला? या चुका टाळा

सिग्नलला गाडी उभी होती आणि मागून कोणीतरी येऊन ठोकली. चूक सरळसरळ त्याची. अशा वेळी बहुतेकांना वाटतं, याच्या विमा कंपनीला फोन करू, ती गॅरेजचं बिल भरेल. आपल्याकडे असं सहसा होत नाही. थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) सक्तीचा असला तरी त्यातून भरपाई मिळवायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. म्हणजे वकील आणि तारखा आल्याच. कायद्यात अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, हेही अनेकांना उशिरा कळतं.

म्हणून गाडीचं नुकसान मोठं असेल तर स्वतःच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतून (जिच्यात आपल्या गाडीचं नुकसानही येतं) क्लेम घेणंच शहाणपणाचं. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमची कंपनी गाडीसाठी एक पैसाही देणार नाही.

पण लहानसहान खर्चासाठी क्लेम टाकू नका. चूक कोणाची होती, हे नो क्लेम बोनसच्या (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीच्या) हिशेबात बघितलंच जात नाही. समजा बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता) १४,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य, मग पुढे क्लेम नसेल तर २०, २५, ३५, ४५ आणि परत ५०. प्रीमियम तेवढाच धरला तर या पाच वर्षांत १७,५०० रुपये जादा जातात. क्लेम घेऊनही बोनस टिकवणारं बोनस प्रोटेक्शनचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं कवच) नसेल, तर नऊ हजारांच्या बंपरसाठी हा सौदा तोट्याचाच.

रस्त्यावर दोन हजार घेऊन मिटवणं हीही नेहमीची चूक. बंपरवर नुसता ओरखडा दिसतो. गॅरेजमध्ये तो उतरवला की आतली पट्टी वाकलेली आणि पार्किंग सेन्सर फुटलेला निघतो. तोवर 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून दिलेलं असतं. त्यापेक्षा गाड्या हलवण्याआधी दोन्ही नंबर प्लेट आणि रस्ता एकाच फ्रेममध्ये येईल असा फोटो काढा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून समोरच्याचा विमा चालू आहे का ते तिथेच पाहा. कोणाला लागलं असेल तर पोलिसांत नोंद हवीच. आणि सर्वेअर (नुकसान तपासायला विमा कंपनीकडून येणारा माणूस) पाहून जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नका.

सगळ्यात महागात पडतो तो गॅरेजवाल्याचा सल्ला: "साहेब, कुत्रं आडवं आलं लिहा, लवकर पास होतं." अहो, डिकी आत गेलीय आणि कुत्रं समोरून आलं? सर्वेअरला हे पटलं नाही की क्लेम अडकतो, आणि पुढे समोरच्यावर दावा करायचा म्हटलं तर तुमच्याच सहीचा कागद तुमच्या विरोधात उभा राहतो. घडलं तेच लिहा. त्याच्या गाडीचा नंबरही लिहा.

स्वतःच्या क्लेममधून कापलेली रक्कम, म्हणजे प्लास्टिक-रबरच्या भागांवरचा ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) आणि सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये स्वतः सोसायची रक्कम, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये), समोरच्याकडून मागता येते. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून मात्र घेता येत नाहीत.

तुमच्या कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध मात्र तिथे जाऊन उपयोग नाही. तुम्ही तिचे ग्राहक नाही.