गेमिंगसाठी स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय? आधी बोर्ड आणि कूलरचाही हिशेब मांडा

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला. मदरबोर्डवरचा बसचा (प्रोसेसर आणि बाकी भागांमधल्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० मेगाहर्ट्झची ही स्वस्त चिप ४५० वर धावायची. फुकटात दीडपट वेग! ‘स्वस्तातला घ्या आणि ताणा’, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवा (ओव्हरक्लॉक करा), हा सल्ला त्या काळातला. आज कंपन्या स्वतःच चिप जवळपास मर्यादेपर्यंत ताणून विकतात. हाती येते ती साधारण पाच टक्क्यांची वाढ, नशीब जोरावर असेल तर थोडी जास्त. तेवढ्यासाठी महागडा बोर्ड घेतला तर ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ अशी गत होते. म्हणून प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर या तिन्हींची बेरीज मांडूनच निवड करायची.

१. अडतंय कुठे ते बघा

सध्या कॉम्प्युटर असेल तर नेहमीचा गेम १०८० पिक्सेलवर चालवून फ्रेम्सचा (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा) आकडा लिहून ठेवा. मग बाकी सेटिंग तशीच ठेवून रिझोल्यूशन ७२० वर आणा. फ्रेम्स भरपूर वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय आणि प्रोसेसर ताणून काही मिळणार नाही. आकडा जवळपास तिथेच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा आहे. १४४० पिक्सेल किंवा फोर-केवर खेळणाऱ्यांनी हे पैसे सरळ ग्राफिक्स कार्डात घालावेत.

२. कुलूप कोणाला आहे, कोणाला नाही

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’, ‘केएफ’ किंवा ‘केएस’ असलेल्याच चिपचा मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) मोकळा असतो, आणि तो वाढवायला झेड मालिकेचा बोर्ड लागतो. बी६६० किंवा बी७६० बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. आय५-१२४००एफ गेमिंगला उत्तम आणि स्वस्त आहे, पण कुलूपबंद.

एएमडीत डेस्कटॉपचे बहुतेक सगळे रायझन मोकळे आहेत. ठळक अपवाद ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी यांचा. इथे फसगत होते ती बोर्डात: ए३२०, ए५२० आणि ए६२० या स्वस्त चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी४५०, बी५५०, बी६५० वर होतो. दुकानदार ‘सगळं चालतं’ म्हणाला तरी खोक्यावरचं चिपसेटचं अक्षर स्वतः वाचा.

३. तीन पर्याय

कमी पैशांत करायचं असेल तर रायझन ५ ५६००. सहा कोअर (काम करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ३२ एमबी एल-३ कॅश (चिपमधलीच जलद साठवण), बूस्ट (आपणहून गाठायचा कमाल वेग) ४.४ गिगाहर्ट्झ, ठरलेली वीज ६५ वॅट आणि खोक्यात कूलर. २०२२ मध्ये तो १९९ डॉलरला आला होता. बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ रॅमवर भागतं. थोडे पैसे वाचतात म्हणून ५५०० कडे वळू नका: त्यात कॅश निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे. गेममध्ये कॅशची ही तूट घड्याळाचा वेग वाढवून भरून निघत नाही. एक लक्षात ठेवा, ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

सगळंच नवीन घेताय आणि पुढे प्रोसेसर बदलायचा बेत आहे? मग रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड. बूस्ट ५.१ गिगाहर्ट्झ. मात्र डीडीआर५ रॅम लागते, तिचा त्या दिवशीचा भाव विचारून मगच ठरवा.

इंटेलच हवा असेल तर आय५-१२६००केएफ: सहा मोठे आणि चार छोटे कोअर. झेड६९० बोर्ड आणि वेगळा कूलर धरल्यावर स्वस्ताई बरीचशी संपते, त्यामुळे बोर्ड वापरलेला आणि स्वस्तात मिळत असेल तरच. तेराव्या-चौदाव्या पिढीचा जुना ‘के’ प्रोसेसर घेणार असाल तर दहादा विचार करा. त्या चिपमध्ये जादा व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होण्याचा दोष निघाला. इंटेलने २०२४ मध्ये बायोसमार्फत (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमार्फत) दुरुस्ती दिली, पण आधीच झिजलेली चिप त्याने सुधारत नाही.

एएम४ (रायझन ५६०० ज्या सॉकेटात बसतो तो) चिप जुनी घेताना पिना भिंगाखाली तपासा. इंटेलच्या या पिढ्यांत पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तेव्हा तपासणी बोर्डाची.

४. कूलर

५६०० सोबतचा ‘रेथ स्टेल्थ’ मूळ वेगाला पुरतो. ओव्हरक्लॉकला १२० मिलिमीटर पंखा आणि चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) असलेला टॉवर कूलर घ्या, उदाहरणार्थ डीपकूल एके४००. पाण्याच्या कूलरची या चिपला गरज नाही. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या आसपास असते, आणि हवेचा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत टिकलेलं सेटिंग मे महिन्यात कोसळतं ते यामुळेच. चाचणी उकाड्यात घ्या.

एएम४ वरचा जुना कूलर काढताना आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट (चिप आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) गरम करा, मशीन बंद करा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत उचला. थंड असताना सरळ ओढला तर चिपच सॉकेटमधून उपटून येते आणि पिना वाकतात.

५. सेटिंग (रायझन ५ ५६०० धरून)

बोर्डाचा बायोस सर्वात नवीन करा. जुन्या बी४५० वर तर त्याशिवाय ५६०० सुरूही होणार नाही.

पहिलं काम रॅमचं. एक्सएमपी (रॅममध्ये साठवलेलं जलद सेटिंग) चालू करून ३६०० पर्यंत न्या, आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा मार्ग) १८०० वर, म्हणजे रॅमच्या खऱ्या घड्याळाशी (३६०० च्या निम्मं) एकास एक. एकाच १६ जीबीच्या कांडीऐवजी ८-८ च्या दोन घ्या. अनेकदा एवढ्यानेच प्रोसेसर ताणण्यापेक्षा जास्त फ्रेम्स मिळतात, आणि नेमकं हेच लोक विसरतात.

मग बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ (मर्यादा सैल करून चिपला आपणहून वेग वाढवू देणारं एएमडीचं सेटिंग), ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ वर ठेवा. मूळ मर्यादा अशा असतात: पीपीटी (एकूण वीज) ७६ वॅट, टीडीसी (सततचा प्रवाह) ६० आणि ईडीसी (क्षणिक कमाल प्रवाह) ९० अँपिअर. पीपीटी ११०, टीडीसी ७५, ईडीसी ११० भरा. तापमानाची मर्यादा ८५ अंश. बूस्टची जादा मर्यादा +२०० मेगाहर्ट्झ. शेवटी कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) सर्व कोअरना ‘निगेटिव्ह १०’. यातला प्रत्येक अंक साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करतो. व्होल्टेज उतरलं की उष्णता उतरते, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वाचलेल्या जागेत चिप आपणहून वर धावते. टिकलं तर १५, मग २०. सर्व कोअर ३० वर टिकणं हा नशिबाचा भाग: एकाच खोक्यातल्या दोन चिप सारख्या नसतात.

सगळे कोअर हाताने ४.६ वर बांधण्याची जुनी पद्धतही चालते, १.२५ व्होल्टपासून सुरुवात करून. पण मग व्होल्टेज रिकाम्या वेळीही बांधलेलंच राहतं. पीबीओनेही चिप ४.६ च्या आसपास पोहोचत असताना तो खटाटोप कशाला? आणि हे सगळं करताना हेही ठाऊक असू द्या: पीबीओमुळे झालेलं नुकसानही एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.

६. चाचणी, आणि काय बिघडतं

एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा ठेवून सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा. तापमान ८५ ला जाऊन चिकटलं तर कूलर नीट बसलेला नाही किंवा पीपीटी जास्त आहे. नंतर कोअरसायक्लर रात्रभर, कारण ते एकेक कोअर वेगळा तपासतं.

गंमत अशी की सिनेबेंच पास झालेलं मशीन नुसता ब्राउझर उघडा असताना रिस्टार्ट होऊ शकतं. निगेटिव्ह आकडा जास्त झाल्याचं हे ठरलेलं लक्षण आहे: हलक्या कामात एखादाच कोअर सर्वात वर उडी मारतो आणि तेव्हाच त्याला व्होल्टेज अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ ची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद शोधा. कोअरसायक्लरने जो कोअर दाखवला त्याचाच आकडा ५ ने कमी करा (निगेटिव्ह २० असेल तर १५), सगळ्यांचा नको. गेम अधूनमधून डेस्कटॉपवर फेकत असेल आणि कोअर शाबूत असतील तर संशय रॅमवर. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे करा, एकही चूक चालणार नाही. चूक आली तर रॅम ३२०० वर आणि फॅब्रिक १६०० वर उतरवा.

पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. वीज तोडा, बोर्डावरच्या क्लिअर सीएमओएसच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरने काही सेकंद जोडा, बायोस मूळ स्थितीत येईल. बायोस अपडेट केल्यावरही सेटिंग पुसली जातात आणि साठवलेलं प्रोफाइल बहुधा नव्या आवृत्तीत चालत नाही, म्हणून जमलेल्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.