मुक्त सॉफ्टवेअरचा कोड देता-घेताना या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यात आता बरंच सॉफ्टवेअर गावातच तयार होतं. डाळ मिलच्या वजनकाट्याची पावती, केळीच्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याला द्यायची पट्टी, सराफाचा स्टॉक, क्लासची फी. दोन-तीन पोरं, भाड्याचा एक गाळा, आणि आत बहुतेक माल मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, पुढे द्यावं म्हणून दिलेल्या कोडचा: लिनक्स, पीएचपी, पोस्टग्रेस, रिअॅक्ट, फ्लटर. यात गैर काहीच नाही, ते वापरण्यासाठीच दिलेलं आहे. घोडं अडतं ते पुढे. पुण्या-मुंबईचं एखादं मोठं गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी विचारतं, "आत कुठकुठल्या लायसन्सचा कोड आहे, यादी पाठवा." यादी कुणीच केलेली नसते.

लायसन्स, म्हणजे कोड वापरायची अटींसकट परवानगी, म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो पैशांचा. तो जरा बाजूला ठेवा. आधी विचारायचं ते हे: प्रत कुणाच्या हातात गेली? जवळपास सगळ्या अटी इथून सुरू होतात. जीपीएल हे प्रत देताना सोर्स कोडही (प्रोग्रॅमरने लिहिलेला, वाचता येणारा मूळ कोड) द्यायला लावणारं लायसन्स. त्याखालचा कोड घेऊन स्वतःच्या ऑफिसात हवे ते बदल करा, वर्षानुवर्षं वापरा, कुणाला काही दाखवायची गरज नाही. तोच प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर बसवला की अटी लागू झाल्या.

गिटहबवर आहे म्हणून घेतला

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. गिटहब म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो की बाहेरचं काम, उत्तर ठरलेलं: "भो, गिटहबवर पडेल होता, घेतला." भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. लिहिला त्या क्षणापासून त्यावर हक्क आहे. नोंदणी केलेली नसली, कॉपीराइटची खूण नसली तरी आहे. त्यामुळे ज्या रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, लायसन्सची फाइलच नाही, तिथला कोड सगळ्यांचा नसतो. तो फक्त लिहिणाऱ्याचा असतो. गिटहबच्या अटींमुळे सार्वजनिक रेपॉझिटरी इतरांना त्या साइटवर पाहता येते, फोर्क करता येते, म्हणजे आपल्या खात्यात तिची प्रत घेता येते. ती तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये घालून विकायची मुभा त्यातून मिळत नाही.

उपाय साधा आहे. तिथेच इश्यू, म्हणजे लेखकासाठी जाहीर प्रश्न, उघडून विचारा: हा कोड वापरायचा आहे, लायसन्स कोणतं? अनेकदा लेखक फाइल टाकायला विसरलेला असतो आणि विचारल्यावर टाकतो. उत्तर नाही आलं तर दुसरी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, शोधा. ओळखीच्या माणसाने व्हॉट्सअॅपवर "वापर रे, काय विचारतो" म्हटलं असेल, तरी त्याला फाइल टाकायला लावा. उद्या तुमचं गिऱ्हाईक ती परवानगी तपासणार आहे, आणि त्याला तुमचं चॅट काय दाखवणार?

रीडमी या माहितीच्या फाइलीत एक लायसन्स, लायसन्सच्या फाइलीत दुसरं, पॅकेज-जेसन या जावास्क्रिप्ट प्रकल्पाच्या तपशिलाच्या फाइलीत तिसरंच, असंही सापडतं. ही फाइल तयार करणारी एनपीएम इनिट ही कमांड चालवताना नुसतं एंटर मारत गेलं की लायसन्सच्या जागी आयएससी हे लायसन्स आपोआप बसायचं, तेव्हापासूनची ही भानगड. लेखकाने ते निवडलेलंच नसतं. अशा वेळीही विचारून घ्यावं.

वरच्या ओळी उडवणं

एमआयटी लायसन्स इतकं छोटं आहे की ते पूर्ण वाचायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत राहिला पाहिजे. आणि लोक नेमकं तेच उडवतात. फाइलच्या माथ्यावर मूळ लेखकाचं नाव आणि साल असतं, ते पुसून तिथे आपल्या फर्मचं नाव घालतात. इतकी सवलत देणाऱ्या माणसाचं नावही ठेवायचं नाही, हा कद्रूपणा झाला.

मूळ ओळ तशीच ठेवा, तिच्याखाली आपली लिहा. मोबाईल अॅपमध्ये गिऱ्हाइकाला फाइली दिसत नाहीत, म्हणून 'अॅपविषयी' या पानावर लायसन्सची यादी द्यायची. फ्लटरमध्ये त्यासाठी पान तयारच मिळतं, एका ओळीत उघडतं. वेबसाठी कोड दाबून लहान करताना वरच्या कॉमेंट गळून पडतात. बिल्ड टूलमध्ये, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या साधनात, त्या वेगळ्या फाइलीत जपण्याची सोय असते, ती चालू करा. अपाची २.० या लायसन्सचा कोड असेल तर बदललेल्या फाइलीत बदल केल्याची नोंद आणि मूळची नोटीस फाइल, या दोन गोष्टी जास्तीच्या. जीपीएलची दुसरी आवृत्ती बदलाची तारीखही मागते.

"फुकट दिलेल्या कोडसाठी कोण कोर्टात जातं?" असं कुणी म्हटलं तर भुसावळकरांना आवडेल असा एक खटला आहे. अमेरिकेत जेकबसेन नावाच्या गृहस्थांनी खेळण्यातल्या, म्हणजे मॉडेल रेल्वे चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर केलं होतं. कॅट्झर या प्रतिपक्षाने त्यातल्या फाइली घेतल्या आणि लेखकांची नावं, मूळ स्रोत वगैरे लायसन्सने मागितलेल्या नोंदी ठेवल्या नाहीत. २००८ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने स्पष्ट केलं की पैसे न घेता दिलेल्या लायसन्सच्या अटीही कॉपीराइट कायद्याखाली अंमलात आणता येतात.

जीपीएल विकता येतं, पण

इथे दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणजे जीपीएलचं सॉफ्टवेअर विकता येत नाही. दुसरा, ते वापरलं की आपला सगळा कोड इंटरनेटवर टाकावा लागतो. दोन्ही चुकीचे.

समजा तुम्ही जीपीएलचा एक हिशोबाचा प्रोग्रॅम घेतला, त्यात तुरीची आवक, हमालीची कपात, वजनकाट्याची जोडणी घातली आणि एमआयडीसीतल्या एका डाळ मिलला चाळीस हजारांना दिला. पैसे घेणं पूर्ण नियमात आहे. मात्र मिलमालकाला त्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड मिळाला पाहिजे, तुमच्या बदलांसकट, आणि त्याच जीपीएलखाली. तो सगळ्या जगाला दाखवायची सक्ती नाही, ज्याला प्रत दिली त्याला द्यायचा. आणि त्याने तो आपल्या साडूच्या चोपड्याच्या मिलला दिला, तर तुम्हाला अडवता येणार नाही.

इथेच आपली मंडळी करारात एक कलम घुसवतात: "सॉफ्टवेअरची कॉपी केल्यास दंड." जीपीएल स्वतःहून वाढीव बंधनं घालू देत नाही. हे कलम घातलं की मिलमालक नव्हे, तुम्हीच लायसन्स मोडता. कमाई हवी तर ती बसवून देण्यात आहे, मुनीमजींना शिकवण्यात आहे, हंगामात रात्री दहाला काटा बंद पडल्यावर फोन उचलण्यात आहे. साडूच्या मिललाही फोन उचलणारा माणूस लागेलच. कोड लपवूनच धंदा करायचा असेल तर जीपीएलचा पाया घेऊ नका. एमआयटी किंवा अपाचीचा घ्या.

सोर्स देतानाही चुकतं. मूळ प्रकल्पाची झिप डाउनलोड करून हातात टेकवतात. ती चालत नाही. मिलमध्ये जी आवृत्ती चालू आहे तिचाच, पूर्ण, बिल्ड करण्याच्या स्क्रिप्टसह सोर्स हवा. दुसऱ्या जाणकाराला त्यातून तोच प्रोग्रॅम उभा करता आला पाहिजे. सहा महिन्यांनी हे शोधत बसणं अवघड जातं, म्हणून प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) त्या आवृत्तीला टॅग, म्हणजे नावाची खूण, मारा, त्या टॅगचा सोर्स त्याच पेनड्राइव्हवर 'सोर्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाका, आणि चलनावर आवृत्तीचा नंबर लिहा. सोर्स सोबत दिला नाही तर जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत किमान ३ वर्षं टिकणारी लेखी हमी द्यावी लागते. एवढी वर्षं कोण सांभाळत बसणार? पेनड्राइव्ह बरा.

याउलट काही जण उगाच घाबरतात. लिनक्सवर तुमचा प्रोग्रॅम चालतो म्हणून तो जीपीएल होत नाही. गिंप या चित्रांच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये केलेलं लग्नाच्या पत्रिकेचं डिझाइनही नाही.

सर्व्हरवर ठेवलं म्हणजे सुटलो

अर्धं खरं. क्लासच्या फीचं सॉफ्टवेअर तुमच्याच सर्व्हरवर चालतं आणि लोक ब्राउझरमधून वापरतात, तर सर्व्हरवरच्या जीपीएल कोडची प्रत कुणाला गेली नाही, म्हणून सोर्स द्यायची अट लागत नाही. पण ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट ही प्रतच असते. आणि कोड एजीपीएल या जीपीएलच्या भावंड लायसन्सचा असेल तर ही पळवाट बंद: तुम्ही त्यात बदल केले असतील, तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांना सोर्स मिळण्याची सोय द्यावी लागते. नावात एक 'ए' जास्तीचा आहे, तो नजरेतून निसटतो.

दोन लायसन्स एकत्र करताना आवृत्ती बघा. अपाची २.० चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत जमतो, फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेल्या कोडसोबत जमत नाही. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस 'दुसरी किंवा त्यानंतरची' आवृत्ती म्हणतं, लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फक्त दुसरी. 'त्यानंतरची' हा शब्द आहे की नाही, एवढं पाहिलं की अर्धा घोळ मिटतो.

एका अॅपमध्ये तीन हक्क

अहिराणी शब्दकोशाचं अॅप करायची हौस अनेकांना आहे, आणि ती असावीच. त्यात कोड वेगळा, शब्दांचा साठा वेगळा, फॉन्ट वेगळा. कोडला जीपीएल किंवा एमआयटी. शब्द आणि अर्थांच्या मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स शोभतं. कोडला ते लावू नये, ते त्यासाठी केलेलंच नाही. छापील कोशातून अर्थ जसेच्या तसे उतरवले असतील तर कोणतंही लायसन्स लावायचा हक्क तुमच्याकडे नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ते हक्क टिकतात. गावोगाव फिरून स्वतः गोळा केलेले शब्द असतील तर प्रश्नच नाही.

फॉन्ट बहुधा ओपन फॉन्ट लायसन्सखालचा असतो, उदाहरणार्थ मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी. अॅपमध्ये घाला, फ्लेक्सवर छापा, पुस्तकाला वापरा. नुसता फॉन्ट मात्र विकायचा नाही. एखाद्या अक्षराचं वळण बदललंत तर लायसन्सच्या फाइलीत वरच्या ओळींत राखीव नाव दिलंय का ते पाहा. दिलं असेल तर तुमच्या फॉन्टला वेगळं नाव हवं.

शेतकऱ्यांसाठीच्या अॅपला काही जण स्वतःची अट लिहितात: "फक्त शेतकऱ्यांनी वापरावे, व्यापाऱ्यांनी नाही." भावना समजते. पण कुणी कशासाठी वापरायचं यावर बंधन आलं की ते मुक्त सॉफ्टवेअर उरत नाही, एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त अॅप मिळण्याच्या ठिकाणी घेतलं जात नाही. शिवाय रावेरचा केळीवाला, जो शेतकरीही आहे आणि व्यापारीही, त्याने काय करायचं?

कोड तुमचा आहे ना

लायसन्स हक्कदारच देऊ शकतो. भारतात पगारी नोकरीत, कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर मालकाचा. फ्रीलान्सरने लिहिलेला, करार नसेल तर फ्रीलान्सरचा, पैसे पूर्ण चुकते झाले तरी. हे कळलं की दोन्ही बाजू चकित होतात. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तेव्हा गिऱ्हाइकासाठी केलेला कोड उत्साहाने जीपीएलखाली टाकण्याआधी जुना करार काढून वाचा.

एकदा दिलेलं लायसन्स, ज्यांनी अटी पाळल्या त्यांच्याकडून परत घेता येत नाही. पुढच्या आवृत्तीला बदलता येतं, पण ज्यांनी ज्यांनी कोड दिलाय त्यांची संमती लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने २०११-१२ मध्ये आपलं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएल या जरा सैल लायसन्सवर नेलं, तेव्हा शेकडो जणांना शोधून विचारावं लागलं होतं.

आणि नोटीस आलीच तर

ईमेल डिलीट करू नका, आणि रेपॉझिटरीही पुसू नका. पुराव्यासकट पळाल्यासारखं दिसतं. आधी वाटप थांबवा. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिलीच तक्रार असेल तर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली की परवानगी कायमची परत मिळते. दुसऱ्या आवृत्तीत अशी सोय नाही, अट मोडली की परवानगी आपोआप संपते. मात्र २०१७ मध्ये लिनक्स कर्नलच्या अनेक डेव्हलपरांनी तिसऱ्या आवृत्तीसारखीच मुदत देऊ असं जाहीर केलं आहे. तक्रार करणाऱ्याला बहुतेक वेळा पैसे नको असतात, सोर्स हवा असतो. उत्तरात लांबलचक माफीनामा नको. कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेपासून, किती गिऱ्हाइकांना दिली, आणि तिचा सोर्स आता कुठे ठेवला, एवढं लिहून पाठवा.