फिरायला नेताना कुत्रा ओढतो? झटका न देता सैल दोरीवर चालायला असं शिकवा

दोरीला झटका दिला की कुत्रा क्षणभर थांबतो, म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं. तीन पावलांवर दोरी पुन्हा ताठ. तोच झटका वर्षभर रोज द्यावा लागत असेल, तर कुत्रा त्यातून काही शिकलेला नाही.

तो ओढतो, कारण ओढल्यावर हवं ते मिळतं. समोर विजेचा खांब, त्यावर दहा कुत्र्यांचे वास. तो ओढतो, तुम्ही मागोमाग जाता, खांब मिळतो. म्हणजे ओढण्याचं बक्षीस रोज तुमच्याच हातून मिळतंय. झटक्याने हे बदलत नाही, उलट नवी अडचण तयार होते. दुखलं की कुत्रा त्याचा संबंध बरेचदा समोर दिसणाऱ्या गोष्टीशी जोडतो. दुसरा कुत्रा दिसताना दर वेळी मान आवळली गेली, तर तो दुसऱ्या कुत्र्यांवरच धावून जायला लागू शकतो. चोक चेनने, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीने, श्वासनलिकेला इजा होऊ शकते, ते वेगळंच. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या प्राणी-वर्तनविषयक संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरावी.

तयारी थोडीच लागते. दीड ते दोन मीटरची साधी दोरी, छातीवर आणि पाठीवर अशा दोन कड्या असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा), कमरेला थैली. आपोआप लांबणारी दोरी नको, तिच्यात ओढलं की जास्त दोरी मिळते, हाच धडा कुत्रा गिरवतो. थैलीत मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे चाळीस-पन्नास तुकडे. हा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांत बसवा आणि तेवढं जेवण कमी करा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा अजिबात नको.

सुरुवात घरात करा. एक छोटा शब्द ठरवा, समजा ‘यस’. शब्द उच्चारा, मग लगेच तुकडा द्या. पंधरा-वीस वेळा. हात थैलीकडे शब्दानंतरच जायला हवा, नाहीतर कुत्रा शब्द सोडून हातावरच नजर ठेवतो. शब्द ऐकताच त्याची मान तुमच्याकडे वळली, की पुढे सरका.

आता हॉलमध्ये छातीच्या कडीला दोरी लावून, त्याला डाव्या बाजूला घेऊन एक पाऊल टाका. दोरी सैल असताना ‘यस’, आणि तुकडा पँटच्या शिवणीला हात टेकवून, त्याच्या नाकाच्या उंचीवर द्या. ही जागा फार महत्त्वाची आहे. हात पुढे करून दिलात, तर तो पुढे येऊन पायात आडवा होईल. एकाची दोन पावलं करा, मग तीन, मग पाच. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा पुरे.

रस्त्यावर शांत वेळ निवडा आणि डांबर तापलेलं नाही ना, ते हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. दोरी ताठ झाली की जागीच थांबा. हात पोटाशी, तोंड बंद. थोड्या वेळाने तो मागे वळून बघेल किंवा पाऊलभर मागे येईल आणि दोरी मध्ये झोल खाऊन लोंबेल. त्याच क्षणी ‘यस’, आणि चालू लागा. चार-पाच पावलं नीट चालला की खाऊ. वळून बघताच खाऊ दिलात, तर ओढायचं, थांबायचं, वळायचं, खायचं असं चक्रच तो शिकतो. खांबापर्यंत सैल दोरीने आला, तर मनसोक्त वास घेऊ द्या. त्याच्या लेखी हे चिकनच्या तोडीचं बक्षीस आहे.

पहिल्या दिवशी पन्नास मीटरला पंधरा मिनिटं लागू शकतात. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मधेच तो आधीपेक्षा जोरात ओढून बघेल. तेव्हा हार मानलीत, तर जोरात ओढलं की मिळतं, हे पक्कं होईल. घाईच्या दिवशी दोरी पाठीच्या कडीला लावा आणि त्या फेरीत शिकवू नका. छातीची कडी म्हणजे नियम लागू, हे कुत्र्याला बरोबर कळतं. घरात एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढत न्यायचं, असं झालं तर सगळी मेहनत पाण्यात.

गल्लीतली कुत्री दिसल्यावर तुमचा कुत्रा तुकडा घेत नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. रस्ता ओलांडा, अंतर वाढवा. लांबून तो त्यांच्याकडे बघेल, तेव्हा ‘यस’ म्हणून तुकडा द्या. गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, आणि ती दाबली गेलेली कुत्री पुढे न गुरगुरता थेट चावू शकतात.

पूर्ण फेरी सैल दोरीवर व्हायला लागली, की तुकडे विरळ करा, कधी दहा पावलांवर, कधी चाळीस. फाटकाशी कुत्री बसलेली असतील त्या दिवसासाठी चार तुकडे मात्र खिशात कायम असू द्या.