सिल्व्हर सोडताच चिपमध्ये पांढरा गाळ: माझा अनुभव

ही चिप म्हणजे बारीक चॅनेल असलेली चाचणीची पट्टी: नमुना पॉझिटिव्ह असेल तर अँटिबॉडीवरच्या सोन्याच्या कणांवर सिल्व्हर साचून चॅनेल काळं पडतं, निगेटिव्ह असेल तर स्वच्छ राहायला हवं. पण निगेटिव्ह नमुना असूनही सिल्व्हर द्रावण आत येताच चॅनेल दुधाळ व्हायचं, मग करडं पडायचं, वाचन बाद. अँटिबॉडीला सोन्याचे कण जोडलेले, अभिकर्मक (चाचणीची द्रावणं) एकामागोमाग ०.७६ मिमी आतल्या व्यासाच्या पॉलिथिलीन नळीत, मध्ये हवेचे टप्पे.

ताजं सिल्व्हर नायट्रेट, नवी चिप, जास्त ब्लॉकिंग (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून पृष्ठभाग झाकणं): काहीच फरक नाही. पंधरा दिवस वाया गेले.

दोष नळीच्या भिंतीवर होता. धुण्याच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर घातलेलं मिठाचं द्रावण) मीठ सुमारे १३७ मिलिमोलर. थेंब सरकला की मागे पातळ थर उरतो, पीबीएसमधल्या ट्वीन-२० या साबणासारख्या पदार्थामुळे तो तुटत नाही. त्यातलं क्लोराइड आणि सिल्व्हर भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा गाळ ठरलेला.

नळी अशी भरा (१ सेंमी म्हणजे साधारण ४.५ मायक्रोलिटर): आधी अँटिबॉडी २ सेंमी, मग ट्वीन घातलेल्या पीबीएसचे अर्धा सेंमीचे दोन थेंब, शेवटी हा खारट थर धुवायला डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याचे तेवढ्याच लांबीचे तीन. प्रत्येकामध्ये हवा अर्धा सेंमी. ओढताना हळू, वेग वाढला की थर जाड होतो. दोन्ही टोकं गरम चिमट्याने दाबून बंद करा. नुसती क्लिप लावली तर तापमान बदलताच थेंब सरकतात.

वापरताना अँटिबॉडीच्या बाजूचं टोक चिपला जोडा. उलटं जोडलंत तर पाणी पहिलं आणि अँटिबॉडी शेवटी जाईल.

सिल्व्हर आणि रिड्यूसर (सिल्व्हरचा धातू बनवणारं रसायन) या नळीत नकोतच. वेगवेगळे, अंधारात ठेवा, पाणी गेल्यावर मिसळून लगेच सोडा.